गंगापूर धरणावरचं उन्हाळी रोइंग शिबिर, 2025 : कामाच्या नोंदी

12 एप्रिल

परवानगीचं पत्र मिळालं. अटी मोजक्या आहेत आणि मला पटण्यासारख्या आहेत. नाशिक शहर या धरणाचं पाणी पितं, त्यामुळे काठावर साबण वापरायचा नाही, बोटी नुसत्या पाण्याने धुवायच्या. सेफ्टी बोटीला फोर-स्ट्रोक इंजिनच हवं. टू-स्ट्रोकमध्ये पेट्रोलात ऑइल मिसळलेलं असतं आणि त्यातलं न जळलेलं थोडं पाण्यातच उतरतं. सूर्यास्तानंतर पाण्यावर कोणी राहायचं नाही. तसंही आम्ही सकाळी नऊनंतर पाण्यावर नसणारच.

जागा गंगावऱ्हे गावाच्या बाजूची. फुगवट्याचा एक हात इथे आत वळलाय. दोन्हीकडे चढ असल्याने पश्चिमेचा वारा थोडा अडतो. सरळ पट्टा सहाशे-सातशे मीटरचा भरेल. ऑलिंपिकची शर्यत 2000 मीटरची असते, पण नवशिक्यांना 500 मीटर पुष्कळ झाले.

अडचण पाण्याच्या पातळीची आहे. मे महिन्यात पाणी रोज थोडं मागे सरकतं आणि मागे चिखल उरतो. जेट्टी पक्की बांधण्यात अर्थ नाही. प्लास्टिकच्या ड्रमांवर फळ्या बांधून तरंगती जेट्टी करायची आणि दोन-तीन दिवसांनी पुढे ढकलायची.

17 एप्रिल

बोटी तपासल्या. एक क्वाड (चौघांची), दोन डबल (दोघांच्या), दोन रुंद ट्रेनिंग सिंगल (एकाच्या). सगळ्या जुन्या, फायबरच्या. रेसिंगची कार्बन सिंगल 14 किलोंची असते (स्पर्धेत त्याहून हलकी चालत नाही) आणि पाण्याच्या रेषेवर तिची रुंदी जेमतेम 30 सेंटिमीटर. तीत नवशिक्याला बसवणं म्हणजे पहिल्याच दिवशी त्याच्या मनात भीती घालणं. आमच्या ट्रेनिंग बोटी जड आणि रुंद आहेत, दिसायला ओबडधोबड आहेत. त्या मला आवडतात.

क्वाडच्या पोटाला तळहाताएवढी चीर होती. घासून, मॅट लावून रेझिन भरलं. या उन्हात हार्डनर (रेझिन घट्ट करणारं द्रव्य) डब्यावर लिहिलंय तेवढा घातला तर ब्रश फिरवेपर्यंत रेझिन वाटीत दगड होतं. सकाळी सहाला, सावलीत, हार्डनर कमी ठेवून काम उरकलं. एका डबलचा फिन (बोट सरळ ठेवणारं तळाचं छोटं पातं) सैल झालाय. हवेच्या कप्प्यांची झाकणं चौदा होती, त्यांतली दोन गायब. हे कप्पे बंद असतात म्हणूनच उलटलेली बोट तरंगते. तेव्हा ती दोन झाकणं आल्याशिवाय ती बोट पाण्यात उतरणार नाही.

22 एप्रिल

पालकांची बैठक.

पहिला प्रश्न आला तो पाच टक्क्यांचा. खेळाडूंना सरकारी नोकरीत पाच टक्के आरक्षण आहे, ते यातून मिळेल का? दुसरा दहावी-बारावीच्या वाढीव गुणांचा. मी स्पष्ट सांगितलं की त्या गोष्टी अधिकृत स्पर्धांमधल्या कामगिरीवर मिळतात. तीन आठवड्यांच्या शिबिराचं प्रमाणपत्र तिथे कोणी हातात घेऊन बघणारसुद्धा नाही. दोन वडील उठून गेले. ठीक आहे.

मागे बसलेल्या एका आजोबांनी विचारलं, "ताई, तो चांदवडकडचा पोरगा ऑलिंपिकला गेला होता, तो हाच खेळ का?" हाच. दत्तू भोकनळ, तळेगाव रोहीचा. वडिलांबरोबर विहिरी खोदायच्या कामावर जायचा. 2012 मध्ये सैन्यात भरती झाला, खडकीच्या बॉम्बे इंजिनिअर ग्रुपमध्ये, आणि वल्हं हातात आलं ते तिथेच. 2016 ला रिओमध्ये सिंगल स्कल्समध्ये (एक माणूस, दोन वल्ही) तेरावा आला. 2018 ला जकार्ताच्या एशियाडमध्ये क्वाडला सुवर्ण मिळालं, तेव्हा स्वर्ण सिंग, ओमप्रकाश आणि सुखमीत सिंग यांच्याबरोबर बोटीत तो होता. चांदवड तालुक्यात उन्हाळ्यात टँकरची वाट बघतात. आजोबा म्हणाले, "म्हणजे पाणी नसलेल्या गावचा." बैठकीतलं वातावरण त्यानंतर सैल झालं.

मुलींच्या आयांचे प्रश्न मात्र खरे कामाचे होते. कपडे बदलायला जागा कुठे? पाळीच्या दिवसांत काय? पाण्यात पडल्यावर बाहेर काढायला बाई असेल का? तंबू वेगळा, पाळीत पाण्यावर यायचं की काठावर काम करायचं ते मुलीने ठरवायचं, कारण विचारलं जाणार नाही. आणि काठावर मी आहेच, शिवाय पोहण्याच्या चाचणीला एक प्रशिक्षक बाई येतील.

27 एप्रिल

तरणतलावावर चाचणी. टीशर्ट आणि हाफपँट घालून 50 मीटर, मग दोन मिनिटं जागेवर तरंगत राहायचं. शैली कशीही चालेल, घाबरणं चालणार नाही.

शहरातली बरीच मुलं क्लासमध्ये पोहायला शिकलेली आहेत. चष्मा, टोपी, स्विमिंग कॉस्च्यूम असेल तर सुरेख पोहतात. अंगावर ओला टीशर्ट आला की निम्म्यांचे श्वास बिघडले. पाच जण नापास. त्यांना काढून टाकलेलं नाही, 4 मेला पुन्हा बोलावलंय. तोवर अर्गोवर, म्हणजे वल्हवण्याच्या व्यायामयंत्रावर, बसतील.

गंगावऱ्ह्याची तीन मुलं फी न घेता घेतली आहेत. दोन मुलगे, एक मुलगी, घरं मासेमारी करणारी. तिघांनी 50 मीटर असं कापलं की स्टॉपवॉच बघायचं राहून गेलं. मुलीला तरंगायला सांगितलं तर ती पाण्यात उभी राहून आमच्याशी गप्पाच मारायला लागली. तिच्या वडिलांना सगळे मामा म्हणतात. सेफ्टी बोट तेच चालवणार.

4 मे

पाचांतले चार पास. पाचवा मुलगा म्हणाला, "ताई, मी अर्गो आणि काठावरचं करतो, पुढच्या वर्षी पाण्यात येतो." त्याला जेट्टीचा प्रमुख केला. बोट लागताना रिगर (वल्हं अडकवायचा बोटीबाहेर आलेला आधार) धरणं, वल्ही मांडणं, कोण केव्हा गेलं ते वहीत लिहिणं. ही वही माझ्यापेक्षा तो नीट ठेवतो.

लाइफ जॅकेटं आली. जाड नारिंगी फेरीबोटवाली परत पाठवली. त्यांत वल्ह्याचा दांडा पोटाशी आणताना जॅकेटच्या कडेत अडकतो. बारीक फोमची, बगलेखाली मोकळी असलेली हवीत. अनुभवी रोअर जॅकेट घालत नाहीत आणि मुलांनी ते व्हिडिओत पाहिलंय, त्यामुळे प्रश्न येणारच. उत्तर तयार आहे: इथे सगळे घालतात, मीसुद्धा.

5 मे

पहिला दिवस. बोट पाण्यात नाही.

सूर्य सहाला उगवतो. पावणेसहाला सगळे हजर असले पाहिजेत हे फक्त गंगावऱ्ह्याच्या तिघांना जमलं. बाकीच्यांची गाडी सव्वासहाला आली. चालकाशी बोलले.

आधी बोट उचलायला शिकवली. क्वाड बारा-तेरा मीटर लांब असते. रॅकवरून काढणं, खांद्यावर घेणं, वळवणं, कमरेला आणणं, पाण्यात ठेवणं या प्रत्येकाला हुकूम आहे आणि हुकूम एकच जण देतो. वळताना टोकाचा माणूस कुठे पोहोचला हे मधल्याला कळत नाही. आठ मुलं एका बोटीखाली गप्प राहिली तरच बोट शाबूत राहते. या वयात गप्प राहणं हाच मोठा व्यायाम.

मग अर्गो. शिकवायचं एवढंच: ओढताना पाय, पाठ, हात. परत येताना हात, पाठ, पाय. मुलगे आल्या आल्या बाजूचा लिव्हर दहावर नेतात, जणू दहा म्हणजे पैकीच्या पैकी. तो लिव्हर पंख्यात हवा किती येते ते ठरवतो. दहावर जड, संथ बोट ओढल्यासारखं वाटतं आणि कंबर धरते. सगळ्यांचा तीन-चारवर ठेवला. एका मुलाने मी पाठ वळवताच पुन्हा दहावर नेला. दहा मिनिटांनी तो स्वतःच खाली उतरून गवतावर आडवा झाला होता.

6 मे

संध्याकाळी अवकाळी. तंबू उडाला. बोटी बांधलेल्या होत्या. बोट बांधताना मी गाठ दोनदा ओढते, म्हणून मुलं हसतात. आज कोणी हसलं नाही.

8 मे

उलटण्याचा दिवस. बोटीत बसवण्याआधी बोटीतून पाडायचं, हा माझा आग्रह. काही प्रशिक्षक हे शेवटच्या आठवड्यावर ढकलतात, म्हणजे मुलं तोवर दोन आठवडे बोटीचा काठ घट्ट धरून वल्हवतात. एकदा पडून वर आलेल्या मुलाचे खांदे दुसऱ्या दिवशी खाली आलेले असतात.

काठाजवळ, कमरेच्या थोडं वर पाणी. ट्रेनिंग सिंगल. बूट बोटीतच बसवलेले असतात. त्यांच्या टाचांना आतून दोरी असते, तिच्यामुळे टाच ठरावीक उंचीवरच थांबते, स्पर्धेच्या नियमात जास्तीत जास्त 7 सेंटिमीटर. टाच अडली की पाय ओढला तर बुटातून निघतो. बसण्यापूर्वी प्रत्येकाने आपल्या दोऱ्या स्वतः ओढून बघायच्या. वेल्क्रो एका हाताने सुटतो ना तेही. मग एक वल्हं सोडायचं. दोन्ही वल्ही पाण्यावर टेकलेली असली तर बोट उलटता उलटत नाही आणि एक सोडलं की क्षणात उलटते, हे मुलांना तिथेच कळतं. वर आल्यावर पहिलं काम बोटीला हात लावणं. काठ कितीही जवळ वाटला तरी बोट सोडून पोहत निघायचं नाही. लांबून पोहणाऱ्याचं डोकं दिसत नाही, आठ मीटरची उलटी बोट दिसते.

सातवीतली एक मुलगी जेट्टीवर अर्धा तास बसून राहिली. कोणी काही बोलायचं नाही असं ठरलेलं होतं. शेवटी मामांची मुलगी तिच्याजवळ जाऊन म्हणाली, "चल गं, मी शेजारी उभी राहते. तोंड मीट फक्त." दोघी गेल्या. नंतर त्या सातवीतल्या मुलीला बोटीतून बाहेर काढायलाच त्रास झाला, तिला पुन्हा पुन्हा पडायचं होतं.

10 मे

पहिल्यांदा डबलमध्ये. पुढे एक नवशिका, मागे आमच्यातलं एक माणूस.

डावा हात वर आणि किंचित पुढे, उजवा त्याखाली. स्कलिंगची वल्ही मधे एकमेकांवरून जातात, वीसेक सेंटिमीटर. रिगर त्या हिशेबाने बोटीच्या उजव्या, म्हणजे पाठमोऱ्या बसलेल्याच्या डाव्या, बाजूचा वर बसवतो. पहिल्या सकाळी सगळ्यांच्या उजव्या हाताची बोटं सोलवटली. लहान हातांसाठी दोन्ही दांडे आतल्या बाजूने दोन सेंटिमीटर आखूड केले, तेव्हा जरा मोकळं झालं.

पातं आडवं करणं, म्हणजे फेदर, मुद्दाम शिकवलं नाही. आधी उभ्या पात्याने चालवा. तरी तिसऱ्या फेरीत मुलं ते पाहून पाहून करायला लागली आणि मनगट कोपरापर्यंत मुरडायला लागली. तव्यावर भाकरी उलटताना मनगट वळतं तेवढंच वळवायचं, असं सांगितल्यावर मुलींना लगेच समजलं. मुलग्यांतल्या एकाने विचारलं, "भाकरी कशी उलटतात?" त्याला घरी जाऊन बघून यायला सांगितलं.

हातमोजे बंद. दांड्याची जाण जाते. फोड आले तर धुवायचं, कोरडं करायचं, टेप लावायची. नखं कापून यायचं.

13 मे

दहावीचा निकाल. एक वाजता लागणार होता, पण त्या मुलांचं लक्ष सकाळी सहापासूनच उडालेलं. दोघं आलेच नाहीत, आलेल्यांनी वल्ही उलटी लावली. पाण्यावरचं सत्र अर्ध्यावर थांबवलं आणि रिगरचे बोल्ट आवळायला बसवलं. हात गुंतले की बरं असतं. दुपारी सगळे पास असल्याचे मेसेज आले.

15 मे

आज नीट लिहिते, कारण शिबिराचा सगळा भार या एका गोष्टीवर आहे.

मुलं ओढतात छान. सगळा घोटाळा परत येताना. सीट चाकांवर आहे, ती पुढे (आपण पाठमोरे बसतो, म्हणून आपलं पुढे म्हणजे बोटीचं मागचं टोक) धावायला बघते, आणि मुलं तिच्याबरोबर धावत सुटतात. ढुंगण धडकन पुढच्या टोकाला आपटतं आणि बोट जागच्या जागी आचका देते. क्वाड साधारण 52 किलोंची, आत चार मुलं मिळून दोनशे किलो. मुलं ज्या दिशेला सरकतात त्याच्या उलट बोट सरकते. शांतपणे मागच्या टोकाकडे सरकलात तर तुमच्या सरकण्यामुळे बोट खालून पुढे पळते. म्हणूनच बोटीचा वेग सगळ्यात जास्त असतो तो ओढताना नाही, तर वल्ही पाण्याबाहेर असताना. आणि सगळ्यात कमी असतो तो पातं पाण्यात घालण्याच्या आसपास. धावत आलात तर हा मिळालेला वेग तुम्ही स्वतःच पायांनी पुसता.

हे फळ्यावर कोणालाच पटलं नाही. मग क्वाडच्या बाजूला बुडबुडे बघायला सांगितले. कॉक्स (न वल्हवता हुकूम देणारी) म्हणून बसलेल्या मुलीने हाताने मोजायला सुरुवात केली: एक ओढा, दोन-तीन-चार या. तिसऱ्या-चौथ्या स्ट्रोकनंतर बोटीखालून पाण्याचा सळसळ आवाज आला. चौघं एकदम गप्प. मग एकजण ओरडला, "ताई, चालली!" आणि लगेच सगळे धावायला लागले आणि ती थांबली.

बऱ्याच वर्षांपूर्वी पुण्यात संगमाजवळच्या बोट क्लबवर मी शिकले. अभियांत्रिकी महाविद्यालयाचा तिथला रेगाटा 1928 पासून होतो. आमचे सर मोटरबोटीतून एकच वाक्य ओरडायचे, "घाई कोणाला आहे?" आम्हाला राग यायचा. आज मी तेच ओरडत होते.

16 मे

एका पालकांनी शेवटच्या दिवशी शर्यत घ्या, ट्रॉफ्या मी देतो, असा निरोप पाठवला. मनापासून देतायत, त्यांचं वाईट वाटून घ्यायचं कारण नाही. पण शर्यत म्हटलं की ही मुलं सीटवर पुन्हा धावणार आणि कालचं सगळं पाण्यात जाणार. बोट वेगात नेणं पुढच्या वर्षीही शिकता येतं. थांबवणं आधी आलं पाहिजे. तर शेवटच्या दिवशी चाचणी: चौघांनी बोट उचलून पाण्यात ठेवायची, 500 मीटर न्यायची, मी "ईझी" म्हटल्यावर थांबवायची, वळवायची, परत आणून जेट्टीला न आपटता लावायची, धुऊन रॅकवर ठेवायची. मधे मोठ्यांनी हात लावायचा नाही. ट्रॉफ्यांऐवजी त्यांनी दोन नवीन थ्रो-बॅग (पाण्यात पडलेल्याकडे फेकायच्या दोरीच्या पिशव्या) आणि केळी द्यावीत असं सुचवलं. त्यांनी दोन्ही दिलं, वर शेंगदाणा-गुळाचे लाडूही.

19 मे

वारा. साडेआठलाच उठला. मामांच्या मुलीने मला आधी सांगितलं, "ताई, तिकडं पाणी काळं पडलं." वाऱ्याचा झोत पाण्यावरून येताना पृष्ठभाग खरबरीत होतो आणि लांबून गडद पट्टा दिसतो. मी दोन्ही डबल परत बोलावल्या. पाच मिनिटांत लाटांना पांढरे शेंडे. नियम पक्का करते: काळा पट्टा दिसला की जो बघेल त्याने ओरडायचं, माझी वाट बघायची नाही.

हीच तीन मुलं वल्हवताना मात्र सगळ्यात अडली. होडीत ती तोंड पुढे करून, उभ्याने किंवा उकिडवं बसून वल्हं ढकलतात. इथे पाठ पुढे. धाकटा दर दोन स्ट्रोकना मान वळवत होता आणि त्यामुळे बोट एका बाजूला कलत होती. त्याला बोवर, म्हणजे बोटीच्या पुढच्या टोकाकडच्या सीटवर, बसवलं. त्या सीटचं कामच मान वळवून बघण्याचं आहे. प्रश्न संपला.

21 मे

पाऊस. काठावर चिखल घोट्यापर्यंत. अर्गो आणि गाठी.

24 मे

आज मान्सून केरळात पोहोचला, नेहमीपेक्षा आठवडाभर आधी. आमच्याकडे अवकाळी थांबलेलाच नाही. चाचणी उद्यावर होती, ती आजच घेतली. सकाळी तासाभराची उघडीप होती.

क्वाडमधल्या पहिल्या चौघांनी "ईझी"नंतर बोट थांबवायला तीन स्ट्रोक जास्त घेतले. दुसऱ्या चौघांची बोट जेट्टीला लागताना रिगर धडकलाच असता, पण जेट्टीप्रमुखाने आधीच पाय पुढे करून अडवली. बाद धरायचं का? मुलांनीच ठरवलं: तो मोठा नाही, म्हणून चालेल. डबलमध्ये सातवीतली मुलगी आणि मामांची मुलगी. त्या दोघींचं वळणं बघण्यासारखं होतं. एक ओढतेय, एक मागे ढकलतेय, बोट जागेवर गोल फिरली. कोणी घाई केली नाही.

काही पालक अजूनही विचारत होते, पहिला कोण आला?

26 मे

मान्सून आज मुंबईत. काठ बदलणार आहे. पाणी मेमध्ये जिथवर मागे गेलं होतं तिथून आता वर येईल, म्हणून जेट्टी सोडवून ड्रम वर आणले. रिगर काढले, नट-बोल्ट बोटीप्रमाणे वेगवेगळ्या डब्यांत. बोटी पालथ्या, चढाच्या वर, दोन्ही टोकांना बांधलेल्या. मामा म्हणाले, "अजून पाच फूट वर घ्या." घेतल्या.

1 जून

हिशेब बसला. सर्वांत जास्त खर्च गाडीचा झाला, बोटींपेक्षाही. पुढच्या वर्षी शिबिर 15 एप्रिलला सुरू करायचा विचार आहे. दहावीची परीक्षा संपलेली असते, अवकाळीची शक्यता कमी आणि वारा थोडा उशिरा उठतो. एका छोट्या क्वाडची चौकशी केली. नवीन परवडत नाही. पुण्यातल्या एका क्लबकडे जुनी आहे, पण तिची एक रेल, जिच्यावर सीट सरकते ती, वाकलेली.

जून ते ऑगस्ट पाण्यावर कोणी जाणार नाही. अकरा मुलांना पुढे यायचंय, गंगावऱ्ह्याची तिघंही त्यांत आहेत. त्यांच्यासाठी दोन अर्गो गावातल्या शाळेच्या व्हरांड्यात ठेवायला मुख्याध्यापकांनी होकार दिला. शनिवारी सकाळी साडेसहा. साखळ्यांना तेल लावायचं आहे, ते जेट्टीप्रमुखाकडे सोपवलंय. त्याचा जुलैपासून पोहण्याचा क्लास आहे. फी भरल्याची पावती त्याने मला फोटो काढून पाठवली.